जुना पत्ता घेऊन आलेला माणूस

(दहावीच्या २०००च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहिलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं असं ठरलंय. माझ्या आधी जे बोलले त्यांचं सोपं होतं. एक डॉक्टर, एक द्राक्षबागायतदार, एक फौजदार. माझं काम सांगायला अवघड. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, "ती कॉम्प्युटरमध्ये आहे," जसं एखादी बँकेत असते तसं. आपल्या वेळी शाळेत तीन कॉम्प्युटर होते, चपला बाहेर काढून आत जायचं आणि एका कॉम्प्युटरपाशी सहाजणींनी बसायचं. माऊस हातात यायला तास संपायची वेळ व्हायची. सर, आजही सर्व्हरच्या खोलीत शिरताना मला चपला काढाव्याशा वाटतात, हे तुमचं श्रेय.

तर मी माझ्या सगळ्या कामाबद्दल बोलणार नाही. त्यातला एकच तुकडा घेते. घर हलवलं की आपण जुन्या दारावर पाटी लावतो: "अमुक अमुक आता इथे राहत नाहीत, नवा पत्ता तमुक." वेबसाइट हलते तेव्हा तशी पाटी मी लिहिते. बरेचदा हजारो दारांवर एकदम.

वेबसाइटच्या प्रत्येक पानाला एक पत्ता असतो, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतो तो. लोक तो पत्ता कुठे कुठे लिहून ठेवतात. पत्रिकेवर, पावतीवर, पुस्तकाच्या तळटीपेत, दुकानाच्या बोर्डावर, दुसऱ्याच्या वेबसाइटवर. मग आमच्यासारखे येतात आणि म्हणतात, साइट जुनाट दिसते, नवी करू. नवी होते, आणि सगळे पत्ते बदलतात. कागदावर छापलेला पत्ता मात्र बदलत नाही. तो घेऊन माणूस येतच राहतो, दहा वर्षांनीसुद्धा. त्याचं काय करायचं, हे ठरवणारे नियम सर्व्हरला लिहून द्यावे लागतात.

हे नियम दोन तऱ्हेचे. आपल्या शाळेच्या ऑफिसची खिडकी आठवा. तुम्ही बोनाफाइड मागायला गेलात. क्लार्क आत गेले, कपाट मध्यंतरी वरच्या मजल्यावर हललं होतं, तिथून कागद आणून त्याच खिडकीतून तुमच्या हातात दिला. कपाट हललं हे तुम्हाला कळलंही नाही. याला आम्ही रीराइट म्हणतो. पट्टीतला पत्ता तोच राहतो, आतल्या आत सर्व्हर दुसरीकडून पान आणतो. दुसऱ्या तऱ्हेत क्लार्क म्हणतात, "ते आता इथे नाही, पहिल्या मजल्यावर मिळेल." मग जिना तुम्हीच चढायचा. हे रीडायरेक्ट. ब्राउझर नव्या पत्त्यावर स्वतः जातो आणि पट्टीतला पत्ता बदललेला दिसतो.

रीडायरेक्ट सांगताना सर्व्हर एक आकडाही सांगतो. ३०१ म्हणजे कायमचं हललं. ३०२ म्हणजे तूर्तास तिकडे जा, पण पुढच्या वेळी इथेच विचार. फरक एका आकड्याचा, पण मी तो पहिल्याच नोकरीत चांगला शिकले. एका रात्री दुरुस्तीसाठी साइट बंद ठेवायची होती. सगळ्यांना "काम चालू आहे" या पानावर पाठवायचं होतं आणि मी तिथे ३०१ लिहिलं. सकाळी नियम काढून टाकला, साइट चालू झाली, तरी फोन यायला लागले की अजून "काम चालू आहे" दिसतंय. झालं असं होतं की ३०१ ऐकलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तो खिडकीशी येतच नाही, थेट जिना चढतो. आणि जो खिडकीशी येतच नाही त्याला "अरे, खाली ये" असं सांगणार कसं? शेवटी खरं पान त्या तात्पुरत्या पत्त्यावरही ठेवावं लागलं. तेव्हापासून मी आधी ३०२ लावते, चार-आठ दिवस बघते, सगळं ठीक असेल तरच त्याचं ३०१ करते.

आणखी एक गंमत, गंमत म्हणजे ज्याचं होतं त्याला रडू येतं अशी. भरलेला फॉर्म घेऊन कुणी आलं आणि त्याला ३०१ किंवा ३०२नं वर पाठवलं, तर ब्राउझर सहसा फॉर्म खालीच टाकतो आणि रिकाम्या हातांनी वर जातो. फॉर्मसकट पाठवायचं असेल तर ३०७ आणि ३०८ असे वेगळे आकडे आहेत. तुम्ही कधी ऑनलाइन अर्ज भरून बटण दाबलंय आणि पुन्हा कोरा अर्ज समोर आलाय का? त्यामागे अशीही एखादी माझी बहीण असू शकते.

आता नियम कसा लिहितात ते थोडक्यात सांगते, कारण पुढची हकिगत त्यावर उभी आहे. गणिताच्या बाई इथे आहेत, त्यांना आवडेल. हजार पत्त्यांना हजार नियम लिहायचे नसतील तर पत्त्यांमधला सारखेपणा शोधायचा, अगदी तुम्ही सामाईक अवयव काढायला लावायचात तसा. समजा जुने पत्ते "बातम्या, मग साल, मग क्रमांक" असे आहेत आणि नवे "संग्रह, साल, क्रमांक" असे. तर सर्व्हरला सांगायचं: "बातम्या"नं सुरू होणारा पत्ता आला की पुढचं साल आणि क्रमांक कंसात धर, आणि "संग्रह" लिहून त्याच्यापुढे ते जसेच्या तसे ठेव. एका ओळीत दहा हजार पानं हलतात. यासाठी चिन्हांची एक छोटी भाषा आहे. टोपीसारखं चिन्ह म्हणजे पत्ता इथून सुरू झाला पाहिजे, डॉलरचं चिन्ह म्हणजे इथेच संपला पाहिजे, साधं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर.

टोपी विसरली की काय होतं बघा. नियम लिहिला: "सेवा" दिसलं की "आरोग्यसेवा" या पत्त्यावर पाठव. आता "आरोग्यसेवा" या शब्दातही "सेवा" आहेच. माणूस तिथे पोचला की नियम पुन्हा लागू, पुन्हा तिकडेच पाठव, पुन्हा, पुन्हा. क्रोमसारखा ब्राउझर असे २० हेलपाटे घालतो आणि मग हात टेकतो. सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर माणूस किती वेळा जाईल याला मात्र अशी मर्यादा नाही.

वेबवर सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या सर्व्हरपैकी एक म्हणजे अपाचे. त्यात हे नियम चालवणारा जो भाग आहे, मॉड-रीराइट, तो राल्फ एंगलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिला आणि १९९७ मध्ये अपाचेला देऊन टाकला. तो इतका ताकदवान आणि इतका चकवणारा की आमच्या धंद्यात त्याला जादूटोणाच म्हणतात. जादूटोण्याचा नियम असा की मंत्र चुकला तर उलटतो.

माझा मंत्र २०१२ मध्ये उलटला.

एका मोठ्या रुग्णालयाची वेबसाइट नवी करायची होती. नाव सांगत नाही, आणि तसा दोष त्यांचा नव्हताही. जुनी साइट आठ-नऊ वर्षांची, सुमारे अकराशे पानं. तिची रचना त्या काळातल्या पद्धतीची होती. सगळ्या पानांचा पत्ता एकच, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे पानाचा नंबर. प्रश्नचिन्ह, बारा. प्रश्नचिन्ह, चारशे सतरा. असं.

मॉड-रीराइटमध्ये एक मेख आहे. नियमातला पॅटर्न पत्त्याचा फक्त प्रश्नचिन्हाआधीचा भाग बघतो. प्रश्नचिन्हाच्या पुढचं त्याला दिसतच नाही. ते बघायचं असेल तर वर वेगळी अट लिहावी लागते. हे मला वाचून माहीत होतं. पण साइट सोमवारी सुरू करायची होती आणि आज शुक्रवार होता. मी एक नियम लिहिला: जुन्या पत्त्यावर कुणीही आलं तर त्याला नव्या साइटच्या पहिल्या पानावर पाठव, ३०१. माझ्या मते लोक तिथून हवं ते शोधून घेतील. शोधायची चौकट होती, मेनू होता. नियमाच्या लेखी ती अकराशे पानं म्हणजे एकच दार होतं, आणि अकराशे कामांसाठी आलेली माणसं मी एकाच दिवाणखान्यात नेऊन बसवली.

सोमवारी साइट सुरू झाली. अशा वेळी आम्ही बघतो की "४०४" किती येतात. ४०४ म्हणजे "असं पान सापडलं नाही". माझे ४०४ जवळजवळ शून्य आले. अर्थातच येणार. मी कुणाला "सापडलं नाही" म्हणूच देत नव्हते. साहेबांचं कौतुकाचं ईमेल आलं. ते मी आईला वाचून दाखवलं, आईनं ते तिच्या भिशीत सांगितलं.

चार महिन्यांनी तिथल्या डायलिसिस विभागातल्या एका सिस्टरचा फोन आला. त्या चिडलेल्या नव्हत्या, हे मला आजही लागतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते आमचं घरच्या डायलिसिसचं पान कुठं ठेवलंय हो? पेशंट विचारतात."

काही रुग्णांना घरीच पोटातून डायलिसिस करायला शिकवतात. पोटात पाण्याची पिशवी सोडायची, काही तासांनी ते पाणी बाहेर काढायचं, दिवसातून तीन-चार वेळा. काढलेलं पाणी गढूळ दिसलं तर तो पोटात जंतुसंसर्ग झाल्याचा इशारा असतो, वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे सगळं, हात कसे धुवायचे इथपासून कुणाला फोन करायचा इथपर्यंत, साध्या मराठीत त्या पानावर होतं. सिस्टरांनीच लिहिलं होतं. आणि त्या पानाचा पत्ता रुग्णाला घरी सोडताना द्यायच्या पुस्तिकेच्या मागच्या बाजूला छापलेला होता. प्रश्नचिन्हासकट, नंबरासकट.

साताऱ्याकडच्या एका गावातल्या काकांनी बायकोची पिशवी काढली, पाणी जरा ढगाळ वाटलं. एवढं चालतं की नाही? पुतण्याला बोलावून त्याच्या मोबाइलवर पुस्तिकेतला पत्ता टाकला. समोर आला नव्या इमारतीचा फोटो, हसणारे डॉक्टर, आणि "आपलं स्वागत आहे". पुतण्यानं इकडे तिकडे बघितलं. काकांनी काय समजून घेतलं? साइट बिघडली असं नाही, कारण बिघाड दिसत नव्हता. आपण पत्ता चुकीचा टाकला असंही नाही, कारण पान उघडलं होतं. त्यांनी समजून घेतलं की रुग्णालयानं ती माहिती काढून टाकली, म्हणजे ती फार महत्त्वाची नसणार. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. काकूंना दहा-बारा दिवस राहावं लागलं. त्या बऱ्या झाल्या. सिस्टरांनी हे सगळं मला सहज सांगितलं, त्यात माझ्याकडे बोट नव्हतं. नियम मी लिहिलाय हे त्यांना माहीतच नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी सर्व्हरची नोंदवही उघडली, ज्याला आम्ही लॉग म्हणतो. कोण कुठल्या पत्त्यावर कधी आलं, सगळं त्यात ओळीनं असतं, प्रश्नचिन्हापुढच्या नंबरासकट. माझ्या नियमाला नंबर दिसत नव्हता, नोंदवहीला दिसत होता. त्या पानाचा नंबर शोधला. चार महिन्यांत ६१ वेळा कुणीतरी तो पत्ता घेऊन आलं होतं. रात्री अडीचला आलेली नोंद होती. पहाटे पाचची होती. एका दिवशी दहा मिनिटांत चार वेळा एकाच ठिकाणाहून. हे सगळं माझ्यासमोर चार महिने होतं आणि मी फक्त ४०४ मोजत होते.

जुनं पान सापडलं नाही तर "सापडलं नाही" असं स्पष्ट सांगणारा सर्व्हर माझ्यापेक्षा बरा होता. काकांना ४०४ दिसला असता तर त्यांनी फोन केला असता. ज्या माणसाला काय हवंय हे मला ठाऊक नाही, त्याला गोड बोलून भलत्याच ठिकाणी नेणं ही मी मदत समजत होते. सगळी जुनी पानं अशी पहिल्या पानाकडे वळवली तर गूगलसुद्धा त्याला रीडायरेक्ट मानत नाही, पान हरवलं असंच धरतो. यंत्राला कळतं ते मला कळायला सिस्टरांचा फोन यावा लागला.

मग मी रजा टाकून, हो, रजा टाकून, कारण ऑफिसच्या हिशेबात हे काम संपलं होतं, तीन दिवस त्या रुग्णालयात बसले. सिस्टर, रेकॉर्ड विभागातले एक मामा आणि मी. एक्सेलमध्ये तीन रकाने: जुना नंबर, नवा पत्ता, आणि "हे पान कुणाला लागतं". तिसऱ्या रकान्याचा सर्व्हरला काही उपयोग नाही. तो माझ्यासाठी होता. अकराशेपैकी बरीच पानं डॉक्टरांच्या ओळखी, जुन्या जाहिराती, संपलेली शिबिरं अशी होती. मॉड-रीराइटमध्ये अशी सोय आहे की एका साध्या फाइलमध्ये डावीकडे जुनं आणि उजवीकडे नवं लिहून ठेवायचं, नियम त्यात बघून पाठवतो. पाढ्यांच्या पुस्तकासारखं. डायलिसिसचं पान पहिल्या ओळीत घातलं. ज्या पानांना आता जागाच नव्हती त्यांना ४१० दिलं. ४१० म्हणजे "होतं, पण आता नाही, शोधू नका". आणि त्या पानावर रुग्णालयाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात टाकला. मामा म्हणाले, "मॅडम, हे आधी का नाही केलं?" मी म्हटलं, "मामा, चहा घेऊ या का?"

आता थोडं आपल्या भाषेबद्दल, कारण मराठीच्या बाई पुढ्यात आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी माझे कापलेले मार्क मी विसरलेले नाही. पत्ता देवनागरीत ठेवता येतो. पण वाटेत त्याचं रूप बदलतं. आपलं प्रत्येक चिन्ह कॉम्प्युटरच्या पोटात तीन बाइट घेतं आणि पत्त्यात एकेका बाइटची तीन अक्षरं होतात. "शाळा" या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हं, म्हणजे पत्त्यात ३६ अक्षरं. व्हॉट्सॲपवर मराठी लिंक पाठवली की टक्क्याच्या चिन्हांची जी लांबलचक रांग येते ती हीच.

त्याहून खट्याळ आहे तो "शेतकऱ्या"तला अर्धा र. दिसतो एकच, पण टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डप्रमाणे तो वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो. कधी ऱ हे एकच अक्षर, कधी र आणि खाली नुक्ता अशी दोन, कधी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला तिन्ही सारखे. सर्व्हरला तीन वेगळे शब्द. एका मराठी साइटवर "शेतकऱ्यांसाठी" या पानाचा नियम काहींना चालायचा, काहींना नाही, आणि मी दोन दिवस दोन्ही पत्ते शेजारी शेजारी ठेवून बघत होते, काडीचा फरक दिसेना. बाई, त्या दिवशी मला तुमची फार आठवण झाली. तुम्ही वही डोळ्यांजवळ धरून बघायचात.

१९९८ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी, म्हणजे ज्यांनी हे वेब जन्माला घातलं त्यांनी, याच विषयावर एक छोटं टिपण लिहिलं. म्हणणं असं की चांगला पत्ता बदलत नाही, पत्ते आपोआप बदलत नसतात, माणसं बदलतात. म्हणून पुढे बदलेल असं काही पत्त्यात घालूच नका: लेखकाचं नाव नको, विभागाचं नको, कुठल्या सॉफ्टवेअरनं बनवलं ते नको. लोकांनी ऐकलं म्हणता? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये पाहिलं, तर २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. खुद्द जगातली पहिली वेबसाइटसुद्धा मूळ पत्त्यावर परत ठेवण्याचा प्रकल्प सर्न या संस्थेला २०१३ मध्ये हाती घ्यावा लागला.

बदलेल असं काही पत्त्यात घालू नका, हे वाक्य मला या मेळाव्याच्या तयारीत वेगळंच कळलं. आपल्या तुकडीत ५२ जण होतो. २९ मुलगे चार दिवसांत सापडले. नाव, आडनाव, गाव, झालं. २३ मुलींना शोधायला दोन महिने लागले. आमची आडनावं बदलली, काहींची नावंही बदलली. माझंच घ्या. मांडवात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, सगळे हसले, पेढे वाटले. डिग्रीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, ते जुळवायला राजपत्रातली नोंद. शाळेतल्या नावानं मला शोधणाऱ्याला मात्र कुठे काही पाटीच नाही. एकजण धाकट्या भावाच्या दुकानावरून सापडली. एक सापडली ती आईच्या जुन्या शेजारीणबाईंच्या वहीतून. तिघी अजून सापडलेल्या नाहीत.

ऑफिसातल्या मॅडमनी जनरल रजिस्टर काढून दिलं म्हणून हे तरी जमलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कोपऱ्यात जो रजिस्टर नंबर असतो, तो लग्नानं बदलत नाही, गाव सोडलं तरी बदलत नाही. बर्नर्स-लींच्या कितीतरी आधी आपल्या शाळेला हे माहीत होतं. आपल्या बॅचची माहिती त्याच नंबरावर लावली आहे. स्मरणिकेच्या शेवटी यादी आहे, त्यात प्रत्येकीचं शाळेतलं नाव आधी आणि आत्ताचं नंतर, दोन्ही छापली आहेत. नवऱ्यांनी राग मानू नये. त्या तिघींची शाळेतली नावं आहेत आणि पुढची ओळ कोरी ठेवली आहे. कुणाला काही कळलं तर सांगा.

आता कामाचं. २००५च्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या वेबसाइटचा पत्ता छापला होता, आठवतंय? ती एका मोफत सेवेवर होती, ती सेवा बंद पडली. तिथे पाटी लावायचा प्रश्नच नव्हता, जागाच आपली नव्हती. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधलं, तीन पानं मिळाली, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. त्यात आपल्या चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर काढलेल्या गणपतीचा फोटो होता. सर आता नाहीत. त्या फोटोची प्रत कुणाच्या घरी, जुन्या सीडीवर असेल तर कृपा करून बघा.

या वेळी डोमेन आपलं स्वतःचं घेतलंय. त्याचं भाडं दरवर्षी भरावं लागतं. भरायचं राहिलं तर मुदतीनंतर ते दुसरा कुणीही विकत घेऊ शकतो, आणि मग स्मरणिकेतला पत्ता उघडला की तिथे शाळेऐवजी रमीची जाहिरात दिसते. ते डोमेन सध्या एकट्या माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर आहे. हे बरोबर नाही. मला उद्या काही झालं तर पासवर्डसुद्धा कुणाला माहीत नाही. दर जूनमध्ये, शाळा सुरू होते त्याच आठवड्यात पैसे भरायचे असतात. आणखी दोघांची नावं हवी आहेत, शक्यतो एक गावातलं. जेवणाच्या रांगेत, मठ्ठ्याच्या पिंपापाशी मी वही घेऊन उभी आहे.